फडातली दुखायची गोळी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळी सरली, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि आमच्या रस्त्यानं बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्यांचे ट्रॅक्टर यायला लागले. या दिवसांत आपल्या अंकात एफआरपीच्या म्हणजे उसाच्या किमान दराच्या, शेतकऱ्याच्या पहिल्या उचलीच्या, वाहतूक अडवल्याच्या बातम्या असतात. त्या असायलाच हव्यात. मला मात्र याच हंगामात जोरात खपणाऱ्या एका गोळीबद्दल लिहायचं आहे. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर शेवटचा भाग तेवढा ठेवावा, ही विनंती.

मी कराड तालुक्यात कारखान्याच्या रस्त्यालगत औषधाचं दुकान चालवते. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे आणि काउंटरवर स्वतः उभी असते. संध्याकाळी उसाच्या फडावरून माणसं परतली की दुकानापुढे गर्दी होते. कुणी म्हणतं कंबर धरलीय, कुणी म्हणतं अंग मोडून आलंय. बहुतेकांना नावानं औषध ठाऊक नसतं. "पन्नासची द्या", "दुखायची द्या", "मागच्या वक्ताला दिली तीच द्या". ही पन्नासची गोळी म्हणजे डायक्लोफिनॅक, ५० मिलिग्रॅम. कधी ती एकटी असते, कधी पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असते. कधी मुकादम येतो आणि अख्ख्या टोळीसाठी पाच-सहा पट्ट्या मागतो. चिठ्ठी कुणाकडेच नसते.

आधी ही गोळी काय करते ते सांगते, कारण ते समजल्याशिवाय माझं पुढचं म्हणणं नुसती भीती घातल्यासारखं वाटेल.

शरीरात कुठे मार लागला, स्नायू ताणला, सांधा सुजला की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात. या रसायनांमुळे त्या जागी रक्त जास्त येतं, सूज येते, कढ येतो आणि तिथल्या मज्जातंतूंना जरासा धक्काही मोठा वाटायला लागतो. ती तयार करणारं एन्झाइम म्हणजे सायक्लोऑक्सिजनेज, थोडक्यात कॉक्स. डायक्लोफिनॅक या कॉक्सला अडवतं. प्रोस्टाग्लँडिन कमी झालं की सूज उतरते आणि ठणका थांबतो. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होतं, पण ते नेमकं असं काम करतं हे जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७१ साली दाखवलं. त्या कामासाठी त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं, बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन या दोघा स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, पायरॉक्सिकॅम, निमेसुलाइड ही सगळी त्याच घरातली. पॅरासिटामॉल त्या घरातलं नाही. ते ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, सुजेवर मात्र त्याचा फारसा जोर चालत नाही.

गोळी चांगली आहे हे आधी मान्य करते. मूतखड्याची कळ उठलेला माणूस जमिनीवर लोळत असतो, डॉक्टर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देतात आणि थोड्या वेळात तो उठून बसतो. पाळीच्या दुखण्यात गर्भाशयात तयार होणारं प्रोस्टाग्लँडिनच कळा आणतं, म्हणून मेफेनॅमिक ॲसिड तिथे मुळावरच काम करतं. दाढ काढल्यावर, पाय मुरगळल्यावर, संधिवाताचा झटका आल्यावर या औषधांनी लाखो लोकांचे दिवस सुसह्य केले आहेत. रक्तातलं डायक्लोफिनॅक दोनेक तासांत निम्म्यावर येतं, पण सांध्यातल्या द्रवात ते त्याहून जास्त वेळ टिकतं. गुडघेदुखीला ते मानवतं याचं एक कारण हेच.

अडचण अशी की प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखणं आणत नाही. तेच जठराच्या आतल्या अस्तरावर चिकट संरक्षक थर राखतं. तेच मूत्रपिंडात रक्त येण्याची वाट उघडी ठेवतं. कॉक्सला अडवणारी गोळी सुजलेली कंबर आणि शाबूत जठर यांत फरक करत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते आणि सगळीकडेच अडवते.

मूत्रपिंडाचं जरा सविस्तर सांगते, कारण फडातल्या माणसाचा खरा धोका तिथे आहे. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्यातलं जवळपास पाचव्या हिश्शाएवढं दोन मूत्रपिंडांकडे जातं. पोटभर पाणी प्यालेल्या, सावलीत बसून काम करणाऱ्या धडधाकट माणसाच्या मूत्रपिंडाला प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरज पडत नाही. म्हणून त्यानं दोन दिवस गोळी घेतली तर बहुधा काही बिघडत नाही. पण घामानं अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की चित्र पालटतं. रक्ताचं आकारमान घटतं, शरीर सगळीकडच्या रक्तवाहिन्या आवळायला लागतं, म्हणजे मेंदू आणि हृदयाला कमी पडू नये. अशा वेळी मूत्रपिंडात शिरणारी छोटी धमनी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. आमच्याकडे उसाला पाणी पाजताना दारं धरायला माणूस बसतो. पाट आटत आला की तो बाकीच्या सऱ्यांची दारं आवळतो आणि एकीचं तेवढं मोकळं ठेवतो. मूत्रपिंडापुरतं ते मोकळं दार धरून बसलेलं असतं प्रोस्टाग्लँडिन, आणि आपण नेमक्या त्याच वेळी गोळी घेऊन त्याला तिथून उठवतो. मूत्रपिंडाचं रक्त कमी होतं, गाळण मंदावते, लघवी कमी होते. वेळीच थांबलं, पाणी मिळालं तर बहुतेकांचं पूर्ववत होतं. तेच रोज, महिनोन् महिने चाललं तर कायमची इजा व्हायचा धोका वाढत जातो.

आता ऊसतोड्याचा दिवस पाहा. पहाटे अंधारातच कोयता चालू होतो. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. मजुरी टनावर. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत हंगाम सोडता येत नाही, आणि एक दिवस बसलं तर खाडा धरला जातो, म्हणजे कमाई जातेच आणि वर कपातही होते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे एकाची कंबर गेली की दोघांचं काम अडतं. अशा माणसाला विश्रांती घ्या म्हणणं सोपं आहे, परवडणं अवघड आहे. विश्रांतीच्या जागी तो गोळी घेतो. आणि बरेच जण ती दुखायला लागल्यावर घेत नाहीत. पहाटे कोऱ्या चहावर, मिसरी लावून झाली की आगाऊच घेतात, दिवसभर दुखू नये म्हणून. म्हणजे गोळी अंगात असते तेव्हाच ऊन चढतं, घाम जातो आणि पोट रिकामं असतं. या औषधासाठी यापेक्षा वाईट वेळ मला सांगता येणार नाही.

गेल्या हंगामात माघाच्या सुमारास एक बाई आली. तिशीच्या आतली असेल. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बोटांना उसाच्या पात्याचे बारीक बारीक काप. म्हणाली, "ताई, पन्नासची एक पट्टी द्या." कुणाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "मलाच. रोज दोन घेते. घेतली नाही तर मोळी उचलत नाही." मी विचारलं, दिवसात पाणी किती होतं? ती जरा थांबली. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "पाणी पेलं की मंग लघवीला जावं लागतंय ना ताई. फडात सगळी गडीमाणसं. ऊस तोडून रान मोकळं झालेलं. कुठं जावं? म्हणून दुपारपर्यंत घोटच घेते." लघवीला जळजळतं का, असं विचारल्यावर तिनं मान हलवली. चेहरा सकाळी सुजल्यासारखा वाटतो, हेही तिनं मग सांगितलं.

तिला मी पन्नासची गोळी दिली नाही. जलसंजीवनीची पाकिटं दिली, पॅरासिटामॉल दिलं, ते दिवसात किती घ्यायचं ते बोटांवर मोजून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळतंय का ते यावरून कळतं) तपासून घे म्हणून कागदावर लिहून दिलं. "मुकादमाला विचारते," म्हणाली. ती गेली की नाही मला कळलं नाही. टोळी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावाच्या शिवारात हलली.

संपादक महोदय, गोळीचा प्रश्न पाण्याशी बांधलेला आहे आणि पाण्याचा प्रश्न आडोशाशी. बाईमाणूस पाणी पीत नाही, कारण फडात तिला जायला जागा नाही. पाणी कमी प्याल्यानं लघवीचा जंतुसंसर्ग होतो, ओटीपोट आणि कंबर दुखते. ते दुखणं उचलण्याचं समजून ती दुखायची गोळी घेते आणि ती गोळी पाणी नसलेल्या मूत्रपिंडावर पडते. या साखळीत औषध दुकानदार एक कडी आहे, म्हणून मी लिहिते आहे. पण बाकीच्या कड्या माझ्या काउंटरवर नाहीत.

ऊस तोडणाऱ्यांची मूत्रपिंडं हा विषय जगाला नवा नाही. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वातल्या उसाच्या पट्ट्यात, मधुमेह नाही, रक्तदाब नाही अशा तरण्या मजुरांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं गेल्या दोन-अडीच दशकांत पुढे आलं. उन्हातली कष्टाची कामं आणि वारंवार अंगातलं पाणी तुटणं याकडे तिथले अभ्यासक प्रामुख्यानं बोट दाखवतात. दुखायच्या गोळ्यांचा सर्रास वापर हा त्यात भर घालणारा घटक मानला जातो. तिथल्या काही कारखान्यांनी मग मजुरांसाठी पाणी, सावली आणि ठरलेल्या वेळी विश्रांती अशी व्यवस्था करायला घेतली. आपल्याकडचं ऊन, उसाची जात, कामाचे तास वेगळे असतील. पण घाम आणि मूत्रपिंड यांचा हिशेब तिथे आणि इथे एकच आहे.

पोटाबद्दल लोकांच्या मनात एक गैरसमज पक्का बसला आहे. गोळी पोटात जाऊन जठराला लागते म्हणून पित्त होतं, सुई घेतली की तो त्रास नाही, असं शिकलेले लोकही मला सांगतात. गोळी जठराला थोडी लागते हे खरं. पण अल्सर होण्याचं मोठं कारण रक्तातून आलेलं औषध जठराच्या अस्तराचं प्रोस्टाग्लँडिन कमी करतं हे आहे. म्हणून सुईनंही अल्सर होऊ शकतो आणि आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळीनंही होऊ शकतो. जेवून गोळी घेतल्यानं जळजळ कमी होते, धोका संपत नाही. ज्यांना पूर्वी अल्सर झाला आहे, वय साठीच्या पुढे आहे किंवा ॲस्पिरिन अथवा रक्त पातळ करायचं दुसरं औषध चालू आहे, त्यांना ही गोळी द्यावीच लागली तर डॉक्टर बरोबर पँटोप्राझोलसारखं औषध देतात. ते जठराचं रक्षण करतं, मूत्रपिंडाचं करत नाही. संध्याकाळी दारू घेणाऱ्याला रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. शौच डांबरासारखी काळी झाली, उलटीतून कॉफीच्या चोथ्यासारखं पडलं तर ते पित्त नव्हे, आतला रक्तस्राव आहे. तडक रुग्णालय गाठायचं.

हृदयाचंही असंच. याच घरातलं रोफेकॉक्सिब नावाचं औषध पोटाला सोसवणारं म्हणून १९९९ मध्ये गाजावाजा करून आलं आणि हृदयविकाराचा धोका वाढतो हे दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीनं ते जगभरातून परत घेतलं. त्यानंतर जुन्या औषधांकडेही नव्यानं पाहिलं गेलं. २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी डायक्लोफिनॅक हृदय निकामी असलेल्यांना, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना देऊ नये असं सांगितलं. आमच्या गावातले ज्येष्ठ नागरिक सकाळी टेल्मिसार्टन घेतात, त्याबरोबर लघवी वाढवणारी गोळी असते आणि गुडघ्यासाठी वरून डायक्लोफिनॅक. रक्तदाबाची ही दोन औषधं आणि तिसरी दुखायची गोळी एकत्र आली की मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो, शिवाय रक्तदाबही आटोक्यात राहत नाही. अशी चिठ्ठी समोर आली की मी डॉक्टरांना फोन करून विचारते. त्यांना त्याचा राग येत नाही, उलट बहुतेक वेळा गोळी बदलून मिळते.

गरोदर बायाही फडात मोळ्या वाहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये इशारा दिला की विसाव्या आठवड्यापासून पुढे ही औषधं टाळावीत, कारण पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटण्याचाही धोका असतो. काउंटरवर एखाद्या बाईला पोटुशी आहेस का विचारणं अवघड वाटतं, विशेषतः समोर सोबतचे पुरुष उभे असले की. तरी विचारायचं. पुरुषांना दोन पावलं मागे थांबा म्हणायचं आणि विचारायचं.

दम्याचे काही रुग्ण असे असतात की ॲस्पिरिन किंवा या घरातली कोणतीही गोळी घेतली की त्यांना जोराची धाप लागते. डेंग्यूच्या साथीत तापाला ही गोळी नको, कारण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आधीच घसरलेल्या असतात. तापाचं निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच. तेही चोवीस तासांत चार ग्रॅमच्या पुढे कधीच नाही, आणि अशक्त किंवा रोज पिणाऱ्या माणसाला त्याहून बरंच कमी, नाहीतर यकृताला इजा होते. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. घरात जुनी बाटली पडली असेल तर टाकून द्या.

आमच्या धंद्याबद्दल स्पष्ट लिहिते. डायक्लोफिनॅक शेड्यूल एचमधलं औषध आहे. पट्टीवर उभी लाल रेघ असते, तिचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. प्रत्यक्षात ही गोळी फडाजवळच्या टपरीवर गायछाप आणि बिस्किटांच्या शेजारी मिळते. टपरीवाल्याकडे औषधविक्रीचा परवाना नसतो, म्हणजे ही विक्री सरळ बेकायदा आहे. त्याला ती घाऊक कुठून मिळते, हा प्रश्न अन्न व औषध प्रशासनानं विचारायला हवा, कारण तो माल कुठल्या तरी परवानाधारकाकडूनच सुटतो. दुसरी गोष्ट सुट्या गोळ्यांची. पट्टी कात्रीनं कापून दोन-दोन गोळ्या दिल्या जातात. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव राहत नाही, मुदत राहत नाही. माणूस सकाळी एका दुकानातून डायक्लोफिनॅकच्या दोन गोळ्या नेतो, संध्याकाळी दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचं ॲसिक्लोफिनॅक. त्याला वाटतं दोन वेगळी औषधं घेतली, पोटात मात्र एकाच घराण्याची दोन जातात. आणि कापलेला तुकडा घेऊन तो डॉक्टरांपुढे गेला तर डॉक्टरांनाही काही कळत नाही. माझी सहव्यावसायिकांना विनंती आहे की पट्टी कापायचीच वेळ आली तर नाव आणि मुदत असलेली बाजू गिऱ्हाइकाला द्या, उरलेल्या तुकड्यावर आपण पेनानं लिहू.

तिसरी गोष्ट पुडीची. वेगवेगळ्या रंगांच्या चार गोळ्या कागदात बांधून "अंगदुखीचा डोस" म्हणून दिल्या जातात. त्यात एक दुखायची, एक पित्ताची, एक ताकदीची आणि बऱ्याचदा एक स्टेरॉइडची असते. स्टेरॉइडनं तरतरी येते, म्हणून पुडी गुणकारी वाटते. स्टेरॉइड आणि दुखायची गोळी एकत्र म्हणजे अल्सरचा धोका कितीतरी वाढलेला. पुडी देणारा कोण आहे हे गावाला माहीत असतं. गावानं त्याला विचारावं की हिच्यात काय आहे ते लिहून दे.

याच औषधाबद्दल एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली, काही जाती नव्वद टक्क्यांहून जास्त. २००४ मध्ये कारण सापडलं. जनावरांना दुखण्यासाठी दिलेलं डायक्लोफिनॅक त्यांच्या मृत शरीरात उरत होतं, ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडत होती आणि युरिक ॲसिडचे पांढरे थर त्यांच्या आतल्या अवयवांवर साचत होते. भारत सरकारनं २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात होत्या म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरपुरती मर्यादित केली. माणसाचं शरीर गिधाडाइतकं नाजूक नाही, ही तुलना करून मला कुणाला घाबरवायचं नाही. पण एका औषधाचा आणि मूत्रपिंडाचा संबंध कळल्यावर देशानं नियम केले, बाटलीचा आकार बदलला, पर्यायी औषध शोधलं. फडातल्या माणसासाठी एवढा विचार व्हायला काय हरकत आहे?

काय करता येईल, ते माझ्या समजेप्रमाणे मांडते. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीची नोंद ठेवणारा माणूस, रोज फडावर जातो. त्याच्या मोटारसायकलला जलसंजीवनीच्या पाकिटांची पिशवी अडकवणं कारखान्याला जड नाही. जिथे टोळी उतरते तिथे पिण्याच्या पाण्याची टाकी आणि बायकांसाठी चार बांबू व शेडनेटचा हलवता येईल असा आडोसा मुकादमाच्या करारातच लिहून घेता येईल. शेतमालकानंही बांधावर पाण्याचा एक जार ठेवावा. ज्याच्या उसाला अठरा महिने पाणी पाजलं, तो तोडणाऱ्याला दिवसभर पाजणं अशक्य नाही. हंगामाच्या सुरुवातीला आणि अखेरीला प्रत्येक तोडणाऱ्याचं क्रिएटिनिन आणि लघवी तपासून त्याची नोंद त्याच्याच हातात द्यावी, म्हणजे तो गावी परतल्यावर तिथल्या आशाताईला ती दाखवता येईल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळानं हे काम हाती घ्यावं. आणि औषध कंपन्यांनी निदान महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पट्टीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत दोन ओळी छापाव्यात. आज पट्टीवर जे बारीक छापलेलं असतं ते मलाही चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

मलमाबद्दल लोक विचारतात म्हणून लिहिते. डायक्लोफिनॅकचं जेल लावल्यावर गोळीच्या मानानं फार थोडं, साधारण सहा टक्के, औषध रक्तात जातं. मनगट, बोटं, गुडघा यांच्या दुखण्यावर ते उपयोगी पडतं. खोल कंबरदुखीवर तेवढं नाही. कापलेल्या कातडीवर लावायचं नाही, आणि ऊसतोड्याच्या हातावर काप असतातच. लावून उन्हात जायचं नाही, म्हणून रात्री झोपताना लावावं. जेल आणि गोळी दोन्ही चालू ठेवू नयेत.

माझ्या दुकानात काउंटरच्या काचेखाली मी एक कागद ठेवला आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी तो वाचून दाखवते. कुणाला आपल्या दुकानात, कारखान्याच्या गेटवर किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा असेल तर जसाच्या तसा घ्यावा, म्हणून इथे देते.

"दुखायची गोळी डॉक्टरांना विचारून, कमीत कमी दिवस घ्या. पहाटे कामाला जाताना घेऊ नका. काम संपल्यावर, पाणी पिऊन, जेवून घ्या. दिवसात डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा एकही जास्त नको. दुखायच्या दोन वेगळ्या गोळ्या एकत्र नकोत. दिसायला वेगळ्या असल्या तरी औषध तेच असू शकतं. जुलाब, उलटी, ताप असेल, लघवी कमी होत असेल तर घेऊच नका. पोटुशी असाल, बाळाला पाजत असाल, दमा, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आधी सांगा. लघवी लाल किंवा काळपट झाली, तोंडावर-पायावर सूज आली, शौच काळी झाली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. आपण काय घेतो ते दाखवायला पट्टी जवळ ठेवा. पिण्याचं पाणी इथे फुकट मिळेल. संडास दुकानाच्या मागे आहे, बायकांनी न विचारता जावं."

कळावे,
आपली नम्र,
एक औषधविक्रेती, ता. कराड, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)